डीबगरने उपकरणाच्या मेमरीला हात लावताच कर्नल कोसळतो तेव्हा: कारण शोधण्यापासून पॅच तपासण्यापर्यंत

एखादा प्रोग्रॅम उपकरणाची रजिस्टरे (उपकरणाला आज्ञा देण्याच्या आणि त्याची स्थिती वाचण्याच्या जागा) एममॅप या सिस्टिम कॉलने आपल्या मेमरी-पत्त्यांमध्ये घेतो, दिवसचे दिवस सुरळीत चालतो, आणि मग कोणीतरी त्याला जीडीबी हा डीबगर (चालू प्रोग्रॅममध्ये डोकावण्याचे साधन) जोडून त्याच पत्त्यावरचे चार बाइट पाहायला जातो. अशा वेळी फार तर ‘या पत्त्यावरची मेमरी वाचता येत नाही’ एवढाच संदेश यायला हवा. प्रत्यक्षात काही यंत्रांवर कन्सोलवर ऊप्सची, म्हणजे कर्नलने स्वतःच्या बिघाडाबद्दल छापलेल्या माहितीची, लांबलचक यादी उमटते आणि यंत्र बंद पडते. डीबगर हा वापरकर्त्याच्या पातळीवरचा साधा प्रोग्रॅम असतो. त्याने काहीही मागितले तरी कर्नल कोसळता कामा नये, त्यामुळे असा अपघात झाला की दोष कर्नलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे असे धरूनच कामाला लागावे. जीडीबीची आवृत्ती बदलून पाहण्यात वेळ घालवू नये.

हा लेख लिनक्स कर्नलपुरता आहे आणि त्यातली उदाहरणे मुख्यतः ६४ बिट आर्मवरची आहेत, कारण हा प्रकार तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. फंक्शनांची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सोर्समध्ये शोधताना ती रोमन अक्षरांत, मधल्या अधोरेषांसह टाकावीत.

डीबगरची मागणी कोणत्या वाटेने जाते

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ही वाट नीट डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे, कारण कोसळण्याची जवळजवळ सर्व कारणे या वाटेवरच्या चार-पाच वळणांवर बसलेली आहेत.

जीडीबी सहसा प्रोक फाइलव्यवस्थेतील त्या प्रक्रियेची ‘मेम’ ही फाइल उघडून वाचतो, काही वेळा पीट्रेस या डीबगिंगसाठीच्या सिस्टिम कॉलच्या पीक (वाचन) आणि पोक (लेखन) या मागण्या वापरतो. दोन्ही वाटा शेवटी ॲक्सेस_रिमोट_व्हीएम या फंक्शनाच्या कुटुंबात येऊन मिळतात. तिथे कर्नल आधी त्या पत्त्यामागचे पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, मिळवण्याचा प्रयत्न करतो. साध्या रॅमच्या बाबतीत ते मिळते, कर्नल ते आपल्या पत्त्यांत पाहतो आणि नक्कल करतो. उपकरणाच्या मॅपिंगवर मात्र ड्रायव्हरने रीमॅप_पीएफएन_रेंज वापरलेले असते. ते फंक्शन त्या भागावर व्हीएम_आयओ आणि व्हीएम_पीएफएनमॅप असे दोन शिक्के मारते, आणि हे शिक्के दिसताच पेज मिळवणारा कोड सरळ नकार देतो, कारण या पत्त्यांमागे कर्नलच्या हिशेबातले पेज असे काही नसतेच.

नकार मिळाल्यावर कर्नल त्या भागाच्या व्हीएम_ऑप्स रचनेत ‘ॲक्सेस’ नावाचे फंक्शन आहे का ते पाहतो. ते नसेल तर मागणी इआयओ या त्रुटीसह परत जाते आणि कोणाचेच नुकसान होत नाही. ते असेल तर त्याला बोलावले जाते. बहुतेक ड्रायव्हर तिथे जेनेरिक_ॲक्सेस_फिज हे तयार फंक्शन बसवतात: देव निर्देशिकेतील ‘मेम’ उपकरण, सिसएफएसमधील पीसीआय उपकरणांच्या रिसोर्स फाइली आणि यूआयओ (वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममधून उपकरण चालवण्याची सोय) हे तिन्ही हेच वापरतात. ही सोय २००८ मध्ये, २.६.२७ या आवृत्तीत आली.

जेनेरिक_ॲक्सेस_फिज चार कामे करते. वापरकर्त्याच्या पेज टेबलमधून (प्रोग्रॅमचा कोणता पत्ता कोणत्या भौतिक पत्त्यावर जातो याच्या नोंदींमधून) त्या पत्त्याचा भौतिक पत्ता आणि गुणधर्म काढते, आयओरीमॅप_प्रॉट वापरून त्याच भौतिक पत्त्याचे कर्नलमध्ये दुसरे, तात्पुरते मॅपिंग करते, मेमसीपीवाय_फ्रॉमआयओ किंवा मेमसीपीवाय_टूआयओने नक्कल करते आणि मॅपिंग काढून टाकते. म्हणजे डीबगरच्या प्रत्येक मागणीमागे उपकरणाच्या त्याच जागेचे एक दुसरे मॅपिंग जन्माला येते. मूळ मॅपिंग प्रोग्रॅमने केले, हे दुसरे कर्नलने केले. ते कोणाच्या परवानग्यांनी, किती लांबीचे आणि किती काळासाठी केले, हे तीन प्रश्न विचारत गेले की बहुतेक अपघात उलगडतात.

पहिली पायरी: पुरावा हातात घ्या

यंत्र बंद पडले की लॉगही गेला, असे होऊ देऊ नका. सिरीयल कन्सोल जोडा. ते शक्य नसेल तर पीस्टोअर आणि रॅमऊप्स चालू करा, म्हणजे पुन्हा सुरू झाल्यावर मागचा संदेश वाचता येईल. कर्नल डीबग माहितीसह बांधा, आणि मिळालेली कॉलयादी (कोणत्या फंक्शनाने कोणाला बोलावले याची यादी) सोर्समधील स्क्रिप्ट्स निर्देशिकेतल्या डीकोड_स्टॅकट्रेस या स्क्रिप्टमधून काढा. कॉलयादीत मेमसीपीवाय_फ्रॉमआयओ, त्याच्या खाली जेनेरिक_ॲक्सेस_फिज आणि त्याच्या खाली ॲक्सेस_रिमोट_व्हीएम असा क्रम दिसला तर तुम्ही वर सांगितलेल्या वाटेवरच आहात. सर्वांत वर एखाद्या ड्रायव्हरचे स्वतःचे ॲक्सेस फंक्शन दिसले तर दोष बहुधा त्या ड्रायव्हरचा असतो आणि आयओरीमॅपच्या कोडमध्ये खणण्याची गरज नसते.

कॉलयादीच्या तळाशी डीबगरच असेल असे नाही. प्रोकमधील एन्व्हायरन आणि सीएमडीलाइन या फाइली वाचणारा कोडही याच ॲक्सेस_रिमोट_व्हीएमवर अवलंबून आहे. त्यामुळे तळाशी वेगळेच नाव पाहून गोंधळून जाऊ नये.

दुसरी पायरी: दोषसंकेत वाचा

इथे घाई करणारे बरेच जण चुकतात. ‘पेजिंग रिक्वेस्ट हाताळता आली नाही’ असे काहीतरी वाचून ते पॉइंटर चुकला असेल असे ठरवतात. ६४ बिट आर्मवर कर्नल इएसआर या, दोषाचे कारण नोंदवणाऱ्या रजिस्टराचे मूल्य छापतो आणि त्याचे शेवटचे दोन षोडशांक पुष्कळ सांगून जातात.

समजा मूल्य ०एक्स९६०००००एफ आहे. सुरुवातीचे ९६ सांगते की कर्नल स्वतः चालू असताना डेटा वाचताना वा लिहिताना अडथळा आला. शेवटचे ०एफ म्हणजे तिसऱ्या स्तराच्या पेज टेबल नोंदीवरचा परवानगीदोष: पत्ता आहे, मॅपिंग आहे, पण वाचण्याची मुभा नाही. याच्या जोडीला कर्नल ‘न वाचता येणाऱ्या मेमरीतून वाचन’ अशा अर्थाचे वाक्य छापतो. शेवटी ०७ असेल तर त्या पत्त्यावर मॅपिंगच नाही. शेवटी २१ असेल तर तो संरेखनाचा दोष आहे, म्हणजे उपकरण प्रकारच्या मेमरीवर पत्ता आणि आकार यांचा मेळ न बसणारे वाचन झाले. शेवटी १० असेल तर पेज टेबलने वाट मोकळी केली होती, पण पलीकडच्या बसने किंवा उपकरणाने मागणी फेटाळली. आणि ऊप्सऐवजी एसएरर हा शब्द असलेला पॅनिक (कर्नलने हार मानून यंत्र थांबवणे) दिसला तर तोही पलीकडून आलेला नकारच असतो, फक्त उशिरा पोहोचलेला. त्यामुळे त्या वेळची कॉलयादी दिशाभूल करू शकते.

परवानगीदोष असेल तर लॉगमध्ये इएसआरच्या खालीच पेज टेबलच्या नोंदी छापलेल्या असतात. त्यातली शेवटची, पीटीई नावाची नोंद पाहा. समजा तिचे शेवटचे तीन षोडशांक एफ४एफ आहेत. शून्यापासून मोजल्यास सहाव्या क्रमांकाचा बिट ‘वापरकर्त्याला मुभा’ असे सांगतो आणि तो शेवटून दुसऱ्या अंकात येतो. इथे तो अंक ४ आहे, म्हणजे बिट लावलेला आहे. कर्नलने स्वतःसाठी केलेल्या मॅपिंगमध्ये हा बिट असण्याचे काही कारण नाही. तो दिसला की निदान जवळजवळ झालेच.

तिसरी पायरी: मॅपिंग कोणत्या जातीचे आहे ते ठरवा

प्रोकमधील एसमॅप्स फाइलमध्ये प्रत्येक भागाखाली व्हीएमफ्लॅग्ज अशी ओळ असते. तिथे ‘आयओ’ आणि ‘पीएफ’ ही दोन अक्षरी चिन्हे दिसली तर ते मॅपिंग वर वर्णन केलेल्या जातीचे आहे. ‘डीडी’ हे चिन्ह सोबत असेल तर तो भाग कोअर डंपमधून (प्रक्रियेच्या मेमरीच्या फाइलमध्ये घेतलेल्या प्रतीतून) वगळला जातो. रीमॅप_पीएफएन_रेंज हे चिन्हही स्वतःच लावते. म्हणून कोअर फाइल बिनधोक तयार होते आणि जिवंत प्रक्रियेला जीडीबी जोडला की मात्र यंत्र कोसळते, हा वरवर विसंगत वाटणारा अनुभव येतो.

प्रोसेस_व्हीएम_रीडव्ही ही सिस्टिम कॉल वापरणारी साधने या वाटेने जातच नाहीत. ती थेट पेज मिळवायला जातात, नकार मिळाला की इफॉल्ट ही त्रुटी घेऊन परततात. एकाच पत्त्यावर एक साधन शांतपणे नापास होते आणि दुसरे यंत्र पाडते, यामागे हेच असते.

पहिला आणि सर्वांत रंजक प्रकार: उसन्या परवानग्या

जेनेरिक_ॲक्सेस_फिज वापरकर्त्याच्या पेज टेबलमधून गुणधर्म काढते आणि जसेच्या तसे आयओरीमॅप_प्रॉटला देते. या गुणधर्मांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: मेमरीचा प्रकार (कॅश करायची की नाही, उपकरण म्हणून वागवायची की नाही) आणि परवानग्या. एक्स८६ वर आयओरीमॅप_प्रॉट त्यातला कॅशचा प्रकार तेवढा उचलते आणि बाकीचे टाकून देते, म्हणून तिथे हा प्रश्न उभा राहत नाही. ६४ बिट आर्मवर मात्र पीटीईमधले पत्ता सोडून सर्व बिट या गुणधर्मांत येतात, आणि ते तसेच वापरले तर कर्नलच्या पत्त्यांत वापरकर्त्याचा बिट लावलेले मॅपिंग तयार होते.

आर्मच्या ८.१ आवृत्तीपासून पॅन नावाची सुरक्षा आली. कर्नलने वापरकर्त्याच्या मेमरीला चुकून हात लावू नये म्हणून, वापरकर्त्याचा बिट असलेल्या कोणत्याही पेजवर कर्नलने वाचन किंवा लेखन केले की प्रोसेसर दोष देतो. पत्ता कर्नलच्या भागातला आहे की वापरकर्त्याच्या, याची प्रोसेसरला फिकीर नसते. तो फक्त बिट पाहतो. त्यामुळे कर्नल स्वतःच केलेल्या मॅपिंगवर पहिले वाचन करताच अडकतो.

या आर्किटेक्चरवर आयओरीमॅप_प्रॉटची सोय २०२२ मध्ये चालू झाली. तोवर जीडीबी अशा पत्त्यांवर फक्त नकार मिळवत असे. म्हणून गिट बायसेक्ट (दोष कोणत्या बदलापासून आला ते शोधणारे साधन) चालवल्यास ते बहुधा ही सोय चालू करणाऱ्या, वरकरणी निरुपद्रवी बदलावर जाऊन थांबते, आणि कोणीतरी तो बदल मागे घ्यायचा प्रस्ताव मांडतो. तसे केल्याने लक्षण जाईल, पण डीबगरची सोयही जाईल. बायसेक्टचे उत्तर ‘कधीपासून’ एवढेच सांगते.

दुरुस्तीची जागा आर्किटेक्चरचे आयओरीमॅप_प्रॉट हीच आहे. तिथे वापरकर्त्याच्या गुणधर्मांतून मेमरीच्या प्रकाराचे बिट (आर्मवर दुसरा ते चौथा बिट, म्हणजे पीटीई_ॲट्रइंडेक्स_मास्क) तेवढे उचलावेत, आणि बाकी सर्व पेज_कर्नल या कर्नलच्या स्वतःच्या साच्यातून घ्यावे. परवानग्या कर्नलच्या आणि प्रकार वापरकर्त्याचा, असे हे मिश्रण झाले. प्रकार का जपायचा, असा प्रश्न पडू शकतो. त्याच भौतिक पत्त्याची दोन मॅपिंग वेगवेगळ्या प्रकारांनी एकाच वेळी जिवंत ठेवणे आर्मवर धोक्याचे असते. प्रोग्रॅमने उपकरण म्हणून घेतलेली रजिस्टरे कर्नलने साधी कॅश होणारी मेमरी म्हणून घेतली तर कोसळण्यापेक्षा वाईट, म्हणजे न दिसणारे घोळ होतात.

ज्यांना थेट कर्नलचे गुणधर्म द्यायचे आहेत अशा आतल्या कॉलरांसाठी वेगळे, अधोरेषांनी सुरू होणारे अंतर्गत फंक्शन ठेवावे, आणि बाहेरच्या आयओरीमॅप_प्रॉटमध्ये वापरकर्त्याचा बिट नसलेले गुणधर्म आले तर इशारा देऊन नल परत करावा. एकाच फंक्शनात दोन्ही अर्थ मिसळले तर काही वर्षांनी कोणीतरी पुन्हा याच खड्ड्यात पडेल.

पेज_कर्नल हा लिहिण्याची मुभा देणारा साचा आहे, मग केवळ वाचनासाठी घेतलेल्या मॅपिंगवर डीबगरला लिहिता येईल का, अशी शंका पुनरावलोकनात हमखास येते. उत्तर नाही असे आहे. जेनेरिक_ॲक्सेस_फिज मॅपिंग करण्याआधीच मूळ नोंद लिहिण्याजोगी आहे का ते तपासते आणि नसेल तर मागणी फेटाळते. स्वतःचे ॲक्सेस फंक्शन लिहिणाऱ्यांनी मात्र ही तपासणी विसरू नये.

नक्कल करताना पॅन तात्पुरते बंद करावे, असाही एक उपाय सुचवला जातो. मला तो अजिबात पटत नाही. सुरक्षेची भिंत काही क्षण पाडून चुकीच्या मॅपिंगला चालू द्यायचे, आणि ते मॅपिंग चुकीचेच ठेवायचे, यात दुरुस्त काहीच होत नाही.

दुसरा प्रकार: लांबी

ॲक्सेस_रिमोट_व्हीएम साध्या पेजच्या बाबतीत स्वतःच पेजच्या सीमेवर थांबते. ॲक्सेस फंक्शनाला मात्र ते उरलेली सर्व लांबी देऊन मोकळे होते. जेनेरिक_ॲक्सेस_फिज पूर्वी कितीही लांबी आली तरी एकच पेज मॅप करत असे. जीडीबीत एखादी मोठी रचना छापली, ती पेजच्या सीमेपलीकडे गेली, की नक्कल मॅप न केलेल्या जागेत शिरे आणि कर्नल कोसळे. २०१५ मध्ये पूर्ण लांबीचे मॅपिंग करून हा दोष काढला गेला. तुमच्या हातात एक्स८६सारख्या यंत्रावर एखाद्या उत्पादकाने गोठवलेला जुना कर्नल असेल तर मॅपिंगच नसल्याचा दोष दिसेल आणि दोषाचा पत्ता नेमका पेजच्या सुरुवातीला, म्हणजे शेवटी तीन शून्ये असलेला असेल. तो दुरुस्तीचा बदल एका ओळीइतका आहे, जुन्या शाखेत आणायला अडचण येत नाही.

मात्र पूर्ण लांबी मॅप करतानाही पहिल्या पेजचाच भौतिक पत्ता पाहिलेला असतो, पुढचे पेज सलग आहे असे गृहीत धरलेले असते. ज्या ड्रायव्हरने एकाच भागात वेगवेगळ्या ठिकाणची पेजे शेजारी बसवली आहेत, त्याने हे तयार फंक्शन वापरू नये. स्वतःच्या ॲक्सेस फंक्शनात लांबी आधी भागाच्या शेवटापर्यंत आणि मग पेजच्या सीमेपर्यंत कापावी. मागितल्यापेक्षा कमी बाइट परत केले तरी चालते, वरचा कोड उरलेल्यांसाठी पुन्हा बोलावतो.

तिसरा प्रकार: काळ

भौतिक पत्ता काढणे आणि तो मॅप करणे यांच्या मध्ये पेज टेबलचे कुलूप सोडावे लागते, कारण मॅप करताना झोपावे लागू शकते. त्या फटीत ड्रायव्हरने वापरकर्त्याचे मॅपिंग काढून घेतले तर आपण परक्या किंवा मृत पत्त्यावर वाचतो. २०२१ मध्ये आलेल्या दुरुस्तीत मॅपिंग झाल्यावर नोंद पुन्हा तपासली जाते आणि ती बदललेली असेल तर सर्व काही पुन्हा केले जाते. याने फट लहान होते. नक्कल चालू असतानाच उपकरण निघून गेले तर संरक्षण ड्रायव्हरनेच द्यायचे असते.

याच वर्गातला एक मोठा प्रकार म्हणजे झोपलेले उपकरण. क्लॉक बंद केलेल्या किंवा वीज तोडलेल्या ब्लॉकवर वाचन केले की काही चिपांवर बाह्य नकार येतो, काहींवर एसएरर येऊन थेट पॅनिक होतो आणि काहींवर बस कायमची अडकते. पीसीआयमध्ये मेमरी स्पेस बंद असलेल्या उपकरणावरचे वाचन अनेक यंत्रांवर सर्व एक असे मूल्य देऊन निभावते, पण सगळेच होस्ट ब्रिज इतके उदार नसतात. व्हीएफआयओमध्ये (उपकरण थेट वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडे सोपवणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेत) नेमका हाच मुद्दा सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई २०२०-१२८८८ या क्रमांकाने नोंदला गेला, आणि मेमरी स्पेस बंद होताच वापरकर्त्याची मॅपिंग काढून घ्यायची, अशी त्याची दुरुस्ती झाली. हीच पद्धत इतर ड्रायव्हरांनी उचलावी असे माझे मत आहे: उपकरण झोपवण्याआधी अनमॅप_मॅपिंग_रेंज बोलवावे आणि पुन्हा हात लागल्यावर फॉल्ट फंक्शनात काय करायचे ते ठरवावे. मॅपिंग नसेल तर जेनेरिक_ॲक्सेस_फिजला नोंद सापडत नाही आणि डीबगरला साधा नकार मिळतो.

चौथा प्रकार: वाचनाची रुंदी

प्रोग्रॅम रजिस्टर एका दमात ३२ बिटांनी वाचतो. डीबगरने तेच चार बाइट मागितले तरी मेमसीपीवाय_फ्रॉमआयओला रजिस्टर ही कल्पना माहीत नसते. ६४ बिट यंत्रावर ते फंक्शन साधारणतः ८ बाइटांच्या सीमेपर्यंत एकेक बाइट, मग आठ-आठ बाइट आणि उरलेले पुन्हा एकेक बाइट असे वाचत जाते. म्हणजे एका ३२ बिट रजिस्टराचे वाचन चार एकबाइटी वाचनांत फुटू शकते. काही उपकरणे यावर कचरा देतात, काही बसचा नकार देतात. आणि ज्या रजिस्टरात वाचल्यावर स्थिती पुसली जाते किंवा रांगेतला पुढचा बाइट सरकतो, तिथे तर डीबगरने नुसते पाहणेही प्रोग्रॅमचे वर्तन बदलते.

अशा उपकरणासाठी ड्रायव्हरने स्वतःचे ॲक्सेस फंक्शन लिहावे. पत्ता आणि लांबी चारने भागली जात नसेल तर नकार द्यावा, भागली जात असेल तर रीडएल आणि रायटएलने एकेक शब्द हलवावा. वाचल्याने बदलणाऱ्या रजिस्टरांची छोटी यादी ठेवून ती नाकारावीत. उपकरण जागे आहे का हे पीएम_रनटाइम_गेट_इफ_ॲक्टिव्हने पाहावे; ते झोपलेले असेल तर त्रुटी परत करावी. डीबगरसाठी उपकरणाला जागे करण्याचा मोह टाळावा, कारण या क्षणी त्या प्रक्रियेचे एममॅप लॉक कर्नलने वाचनासाठी धरलेले असते, आणि जागे करण्याच्या वाटेवरची कुलुपे उलट क्रमाने घेतली गेली तर कोसळण्याऐवजी सर्व जागच्या जागी अडकेल.

उपकरणाची मेमरी म्हणून दिलेली जागा प्रत्यक्षात रॅमच असणे, हाही एक फसवा प्रकार आहे. डीएमएसाठी (उपकरणाने थेट रॅम वाचण्या-लिहिण्यासाठी) घेतलेला बफर ड्रायव्हर रीमॅप_पीएफएन_रेंजनेच वापरकर्त्याला देतो. आर्म आणि एक्स८६ दोन्हींवर आयओरीमॅप रॅमचे मॅपिंग करायला नकार देते आणि इशारा छापते. एरवी तो इशारा निरुपद्रवी असतो; पॅनिक_ऑन_वॉर्न चालू असलेल्या यंत्रावर मात्र तोच पॅनिक ठरतो. इथे ॲक्सेस फंक्शनाने ड्रायव्हरकडे आधीपासून असलेल्या कर्नल पत्त्यावरून साधे मेमसीपीवाय करावे, नवे मॅपिंग करूच नये.

कर्नल बदलणे हातात नसेल तेव्हा

तोवर जीडीबीला आवर घालता येतो. ‘इन्फो प्रोक मॅपिंग्ज’ने उपकरणाच्या भागाचे पत्ते काढा, आणि ‘मेम’ आदेशाने त्या पत्त्यांचा भाग ‘डब्ल्यूओ’, म्हणजे केवळ लेखनासाठी, असा जाहीर करा. त्यानंतर जीडीबी तिथून वाचायला स्वतःच नकार देतो.

हे करण्याची गरज का पडते, तर मी मुद्दाम काही वाचणार नाही असा निश्चय पुरेसा नसतो. जीडीबी कॅरॅक्टर पॉइंटर दिसला की त्यामागची अक्षरमाला आपणहून छापतो आणि एका बाइटाच्या अचिन्ह पूर्णांकाचे पॉइंटरही त्याला अक्षरमालाच वाटतात. रजिस्टरांचा मूळ पत्ता अशा पॉइंटरमध्ये ठेवून तो फंक्शनाला दिलेला असेल, तर साधा ‘बीटी’ आदेश, म्हणजे नुसती कॉलयादी मागणेही, उपकरणाची मेमरी वाचते. ‘सेट प्रिंट फ्रेम-आर्ग्युमेंट्स नन’ ठेवल्याने ते थांबते. आपला प्रोग्रॅम बदलता येत असेल तर तो पॉइंटर व्हॉइड किंवा ३२ बिट पूर्णांकाचा करणे अधिक चांगले. संपादकातून डीबगर चालवणाऱ्यांनी चलांची आपोआप उलगडणारी खिडकी बंद ठेवावी.

प्रोकमधील केकोर या, कर्नलची मेमरी दाखवणाऱ्या फाइलवर जीडीबी चालवून आयओरीमॅपचे पत्ते पाहू, असा विचार कोणी केला तर तिथे फक्त शून्ये दिसतील. कर्नल त्या भागांना मुद्दाम पोकळी मानतो.

दुरुस्ती तपासणे

परवानगीच्या दोषासाठी खरे हार्डवेअर लागत नाही. क्यूएमू या, यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचे ‘व्हर्ट’ यंत्र पुरते, पण प्रोसेसर निवडताना ‘मॅक्स’ घ्यावा. कॉर्टेक्स-ए५७ घेतला तर तो ८.० आवृत्तीचा असल्याने त्यात पॅन नाही, दोष दिसणारच नाही आणि आपली दुरुस्ती चालली असा खोटा समज होईल. या यंत्रात ०एक्स०९०१०००० या पत्त्यावर पीएल०३१ हे घड्याळ असते. पहिले रजिस्टर सेकंदांची संख्या देते आणि वाचल्याने काही बिघडत नाही, म्हणून ते या कामासाठी सोयीचे. कर्नलमध्ये आयओ_स्ट्रिक्ट_डेव्हमेम चालू असेल तर बूट ओळीत ‘आयओमेम=रिलॅक्स्ड’ द्यावे, नाहीतर ड्रायव्हरने धरलेली जागा मॅपच होणार नाही.

एक छोटा प्रोग्रॅम लिहून ‘मेम’ उपकरणातून ते पेज मॅप करा, प्रोग्रॅमला झोपवून ठेवा, जीडीबी जोडा आणि तो पत्ता वाचा. दुरुस्तीआधी ऊप्स यायला हवा. तो आला नाही तर पुढे जाऊ नका, आधी चाचणी दुरुस्त करा. दुरुस्तीनंतर मूल्य यायला हवे. ते मूल्य प्रोग्रॅमने थेट वाचलेल्या मूल्याशी तंतोतंत जुळले नाही तर रुंदीचा मुद्दा आठवा, परवानगीच्या दुरुस्तीला दोष देऊ नका.

मग पुढच्या कसोट्या घ्या. दोन सलग पेजे मॅप करून त्यांच्या सीमेवरून वाचा. मॅपिंग केवळ वाचनासाठी करून जीडीबीतून लिहा. नकार मिळाला पाहिजे. प्रोकमधील मेम फाइल आणि पीट्रेसची पीक मागणी या दोन्ही वाटा स्वतंत्रपणे तपासा. एका बाजूला सतत वाचत राहून दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर अनबाइंड करा, आणि हे सर्व केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा पर्याय), प्रूव्ह_लॉकिंग (कुलुपांच्या चुका पकडणारा) आणि पॅनिक_ऑन_वॉर्न चालू ठेवून करा, म्हणजे एरवी लॉगमध्ये हरवणारा इशाराही समोर येईल.

पॅच पाठवताना वर्णनात इएसआरचे मूल्य, पीटीईची नोंद आणि कॉलयादी ठेवा, फिक्सेस ओळीत मूळ बदलाचा उल्लेख करा आणि जुन्या स्थिर शाखांसाठी प्रत मागा. सामान्य वापरकर्त्याला आपल्याच प्रक्रियेला डीबगर जोडता येतो. त्या प्रक्रियेकडे उपकरणाचे मॅपिंग असेल तर विशेषाधिकार नसतानाही तो यंत्र पाडू शकतो, हे वर्णनात एका वाक्यात स्पष्ट लिहावे. त्यावरूनच पॅच किती तातडीने घ्यायचा हे देखभाल करणारे ठरवतात.